आई पोचल्यात

फोनची घंटा वाजली की इझाबेल तुस्कानोच्या पोटात गोळा यायचा. टेलिफोन ऑपरेटरच्या पोटात फोनच्या घंटेने गोळा यावा, ही काही चारचौघांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. तिने ती कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, फादरांना नाही, आईला तर नाहीच.

इझाबेल भुईगावात दिलेली. नवऱ्याची, व्हॅलेरियनची, केळीची आणि भाजीची वाडी होती, मुलगी डायना नववीत होती. इझाबेल रोज सकाळी एसटीने वसई रोडला यायची. स्टेशनपासून पापडीच्या बाजूला थोडं चालत गेलं की एका विद्यापीठाचं उपकेंद्र लागायचं. वसईपासून डहाणूपर्यंतच्या कॉलेजांच्या परीक्षा, अर्ज, निकाल सगळं तिथून चाले. जिन्याखाली काचेची एक छोटी खोली होती, तिच्यात टेलिफोनचा बोर्ड, आणि बोर्डापुढे इझाबेल. लग्नाआधीपासून ती तिथे बसत होती. आवाज असा की कार्यालय अधीक्षक पेडणेकर म्हणायचे, "तुस्कानोबाईंनी नमस्कार म्हटलं की भांडायला फोन केलेला माणूससुद्धा आधी उलट नमस्कार करतो."

कानाचं कधी सुरू झालं ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. लक्षात आलं ते चर्चमध्ये. नाताळच्या आधी ती पापनिवेदनाला गेली होती. जाळीपलीकडून फादरांनी कुजबुजत काहीतरी विचारलं आणि तिला नुसता श्वास ऐकू आला. तिने "हो, फादर" म्हटलं. फादर बराच वेळ गप्प बसले, त्यावरून तिला वाटलं, हो म्हणायला नको होतं. प्रायश्चित्त काय सांगितलं तेही कळलं नाही. मग बाकावर बसून तिने जपमाळ ओढत अख्खी रोझरी म्हटली, म्हणजे कमी पडायला नको.

त्यानंतर ती स्वतःवर पाळत ठेवू लागली आणि जे दिसलं त्याने आणखी घाबरली. शांत खोलीत समोरच्याचे ओठ हलताना दिसत, पण आवाज कापसातून गाळून आल्यासारखा यायचा. गोंगाटात मात्र सगळं नीट. एसटीत, बाजारात, लग्नाच्या बँडपुढे तिला इतरांपेक्षा चांगलं ऐकू येई. त्यामुळे संशय कुणाला आलाच नाही. फोनवर तिने एक युक्ती शोधली होती. रिसीव्हर कानावर न धरता कानामागच्या हाडावर दाबून धरला की आवाज पुष्कळ स्पष्ट यायचा. बघणाऱ्याला वाटायचं, केस सारखे करतेय. संध्याकाळी ते हाड ठणकायचं.

आणि हे सगळं काय आहे ते तिला न सांगता ठाऊक होतं. तिची आई मेरी निर्मळला माहेरच्या वाडीत असायची. इझाबेलच्या पाठच्या भावंडांच्या बाळंतपणांत मेरीचं ऐकणं कमी होत गेलं आणि इझाबेल शाळेत जाईपर्यंत ती 'बहिरी मेरी' झाली होती. लोक तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलत. पाहुणे आले की तिला आत बसवत. मेरी हसतमुखाने सगळ्यांकडे बघायची आणि भलत्याच ठिकाणी मान डोलवायची. एकदा एका बारशाला कुणीतरी तिची नक्कल केली होती आणि सगळ्यांबरोबर सात-आठ वर्षांची इझाबेलही हसली होती. आता आरशासमोर केस विंचरताना तिला कधी कधी स्वतःच्या चेहऱ्यावर आईची ती मान दिसायची, आणि फणी हातातच राहायची.

१९९८ सालची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली होती.

आस्थापना विभागात संपदा शिर्के नावाची मुलगी होती. वय तिशीच्या आतबाहेर, कामाला चोख आणि तोंडाने मोकळी. नालासोपाऱ्याला आचोळे रोडवर तिसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट होता. नवरा फिरतीच्या नोकरीवर. त्या दिवशी चिपळूणहून तिची आई दिवाळीसाठी येणार होती आणि सकाळपासून संपदाच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. "इझाबेलताई, आई संध्याकाळपर्यंत येईल. चावी शेजारच्या मीराकाकूंकडे ठेवलीय. माझ्यासाठी फोन आला तर लगेच द्या हं."

दुपारची जेवणं झाली. ऑफिस पेंगायला लागलं. पंख्याखेरीज आवाज नव्हता, आणि इझाबेलला तीच वेळ सर्वांत वाईट वाटे. फोन वाजला. तिने रिसीव्हर कानामागे दाबला. पलीकडे एक म्हातारी बाई होती. आवाज बारीक, धाप लागल्यासारखा.

"संपदाला... आई... ल्यात... लवकर..."

"काय म्हणालात? पुन्हा सांगता?"

"आई... ल्यात हो... लवकर..."

तिसऱ्यांदा विचारायचं धाडस तिच्यात नव्हतं. गेल्या वर्षभरात तिने स्वतःला तशी सवयच लावून घेतली होती. एकदा विचारायचं, दुसऱ्यांदा अंदाज करायचा. तिसऱ्यांदा विचारलं की लोक म्हणतात, बहिरी आहेस का? आणि इथे तर अंदाज अगदी सोपा होता. आई येणार होत्याच.

"बरं, सांगते," ती म्हणाली. फोन ठेवून तिने संपदाचं एक्स्टेन्शन लावलं. "संपदा, तुझ्या आई पोचल्यात. लवकरच पोचल्या म्हणे."

"अगं बाई! बरं झालं. आता आराम करेल जरा," संपदा म्हणाली आणि हातातल्या कामाला लागली. ऑफिस सुटल्यावरही ती लगेच घरी धावली नाही. स्टेशनजवळच्या बाजारात पाचूबंदरच्या कोळणीशी घासाघीस करून आईच्या आवडीची पापलेटं घेतली, मग नालासोपाऱ्याला गेली.

दुसऱ्या दिवशी संपदा आली नाही. पेडणेकर जिन्यावरून उतरता उतरता काचेच्या खोलीपाशी थांबले.

"कळलं का तुस्कानोबाई? शिर्केबाईंची आई काल दुपारी जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. बिल्डिंगमध्ये पुरुष माणूस नाही, खालचा दवाखाना बंद. शेजारची म्हातारी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली, पोरगी आता येईल, मग येईल म्हणून. संध्याकाळ होईपर्यंत तशाच पडून होत्या हो बिचाऱ्या."

ते बोलत असताना दारात रिक्षा फुरफुरत उभी होती, त्यामुळे इझाबेलला शब्दन् शब्द ऐकू आला. पडली. पडल्यात. पोचल्यात. तिने समोरची नोंदवही मिटली.

"फोन आला होता म्हणे इथे?"

"आला होता," ती म्हणाली. "पोचल्या म्हणून निरोप होता."

"म्हातारी गोंधळली असेल. ह्या वयात काय बोलतो ते कुठे कळतं," पेडणेकर म्हणाले आणि गेले. दिवसभर सगळे तेच म्हणत राहिले. मीराकाकूंनी घाबरून अर्धवट सांगितलं असणार, असं ठरून गेलं. इझाबेलने ते ठरू दिलं. त्या दिवशी तिने घरून आणलेला डबा उघडलाच नाही.

त्यानंतर चारपाच दिवसांनी परिपत्रक आलं. पेडणेकरांनी ते सगळ्यांना हॉलमध्ये जमवून वाचून दाखवलं. इझाबेल मागे उभी होती, तिला तुकडे तुकडे ऐकू आले. संगणक. नवा टेलिफोन एक्स्चेंज. कर्मचारी आरोग्य. सगळे पांगल्यावर ती सूचना फलकापुढे जाऊन उभी राहिली आणि तिने ते वाचलं. नव्या वर्षात टेलिफोनचा नवा बोर्ड बसणार होता. सर्व कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी होणार होती. रक्तदाब, साखर, आणि ज्यांना मानसिक ताण असेल त्यांच्यासाठी दर बुधवारी एक समुपदेशक येऊन बसणार होते. त्यावर हॉलमध्ये जोरात हशा पिकला होता, तो तिला ऐकू आला होता. शेवटची ओळ मात्र आत्ता दिसली. वाहनचालकांची नेत्रतपासणी आणि दूरध्वनी चालकांची श्रवणतपासणी सक्तीची राहील.

जीपचा ड्रायव्हर कृष्णा तिच्याशेजारी येऊन तेच वाचत होता. तो कडवट हसला. "तपासणी कसली बाई, चाळण आहे ही. नवीन मशीन आलं की माणसं कमी करायची. मग कारण नको का? डोळे गेले, कान गेले, जा घरी."

इझाबेलने शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली.

त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ती एकटीच निर्मळला गेली. मेरी ओटीवर बसून मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यात ओवत होती. भाऊ आणि भावजय आत कशावरून तरी बोलत होते. बोलता बोलता भावजय बाहेर आली आणि मेरीच्या डोक्यावरून इझाबेलला म्हणाली, "ह्यांना आता काही सांगायचं म्हणजे नुसता ताप. मी सांगणंच सोडलंय." मेरी वर बघून गोड हसली.

इझाबेल आईजवळ बसली. लहानपणापासून आईशी ती तोंड मोठं करून, हातवारे करून बोलायची. आज तिने तसं काही केलं नाही. आईचा हात धरून आपल्या कानावर ठेवला आणि मान हलवली. नाही, अशी.

मेरी दोरा बाजूला टाकून घरच्या बोलीत, बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही म्हणून फार मोठ्याने, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुला पण?"

इझाबेलने घाबरून तिच्या तोंडावर हात ठेवला. मेरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढी वर्षं आपल्या बहिरेपणावर रडताना इझाबेलने तिला कधी पाहिलं नव्हतं.

संपदाची आई वसईतल्या एका हॉस्पिटलात होती. न जाणं शोभलं नसतं, आणि जायला पाय उचलत नव्हते. शेवटी एका शनिवारी इझाबेल सुकेळीचा, घरच्या वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा घेऊन गेली. बायकांचा जनरल वॉर्ड, भेटायची वेळ, ट्रॉल्यांचा खडखडाट, कुणाचं पोर रडतंय. सगळं लख्ख ऐकू येत होतं. म्हाताऱ्या बाईंच्या पायाला वजन लटकवलं होतं. त्यांचा चेहरा सुकून एवढासा झाला होता. तरी त्या म्हणाल्या, "बसा हो. संपदा सांगते तुमच्याबद्दल. किती गोड बोलता म्हणून."

पलंगापलीकडे एक बारकी वृद्ध बाई स्टुलावर बसली होती. ह्याच मीराकाकू. संपदा म्हणाली, "काकू, ह्या इझाबेलताई, आमच्या ऑफिसच्या."

मीराकाकू उठून उभ्या राहिल्या. "तुम्हीच का फोनवर होतात? बाई, तुम्हीच सांगा हिला. सगळे मला दोष देतात. मी स्पष्ट सांगितलं होतं, आई पडल्यात, लवकर पाठवा. दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, बरं सांगते. म्हणून मी बसून राहिले ना. आता येईल, मग येईल. सांगितलं होतं की नाही मी?"

संपदा इझाबेलकडे बघत होती. अजून तिच्या नजरेत संशय नव्हता, नुसतं आपलं काय ते विचारणं होतं. एक "नाही" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

"त्यांनी सांगितलं होतं," इझाबेल म्हणाली. "मला ऐकू आलं नाही. मला नीट ऐकू येत नाही संपदा. वर्ष झालं. मी पोचल्यात असं ऐकलं."

संपदाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "वर्ष झालं?"

"हो."

"आणि तुम्ही बोर्डावर बसता?" तिचा आवाज चढला, आजूबाजूच्या पलंगांवरच्या बायका बघायला लागल्या. "माझी आई त्या जिन्यात ओल्या साडीत पडून होती इझाबेलताई! आणि मी मासळी घेत फिरत होते!"

पलंगावरून आई म्हणाल्या, "संपदा, असू दे गं." पण संपदाला ते सहन होण्यासारखं नव्हतं. तिने तोंड फिरवलं. "तुम्ही जा आता. प्लीज, जा."

त्या संध्याकाळी व्हॅलेरियन वाडीत पाणी सोडत होता, तिथे जाऊन इझाबेलने त्याला सगळं सांगितलं. तो फावडं टेकवून ऐकत राहिला. तिला वाटलं होतं, तो आधी नोकरीचं विचारेल. तो म्हणाला, "मी मागून हाक मारतो, तू वळत नाहीस. मला वाटायचं, माझ्यावर कशाचा तरी राग धरून बसलीयस. वर्षभर मी आठवतोय, मी काय केलं."

ती तिथेच केळीच्या बुंध्याशी बसली आणि रडली. पण भीती काही रडण्याने गेली नाही. सोमवारी संपदा कामावर येणार होती. ती आस्थापना विभागात होती. कुणाला ठेवायचं, कुणाला हलवायचं त्याची कागदपत्रं तिच्याच टेबलावरून जात.

सोमवारी काही झालं नाही. संपदा आली, जिना चढून गेली, काचेकडे पाहिलं नाही. मंगळवारी काही झालं नाही. बुधवारी शिपाई सांगत आला, "साहेबांनी बोलावलंय."

पेडणेकरांची केबिन म्हणजे ऑफिसातली सर्वांत शांत जागा. दाराला जाड पडदा होता. त्यांना कागदांकडे बघत पुटपुटत बोलायची सवय होती. इझाबेल समोर उभी राहिली. त्यांचे ओठ हलले. तिला ऐकू आलं ते असं: "...नवीन... तुम्ही... नाही... पुढच्या महिन्यापासून..."

संपदाने सांगितलं. संपलं. पुढच्या महिन्यापासून नाही. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. पेडणेकरांनी वर पाहिलं, पुन्हा काहीतरी विचारलं आणि उत्तराची वाट बघत राहिले.

वर्षभरात असंख्य वेळा ती अशा वेळी "हो सर" म्हणाली होती. ह्या वेळी तिला दिसलं की आपल्याला काय विचारलंय तेच माहीत नाही, आणि त्याच्यावर आपलं सगळं अवलंबून असेल.

"साहेब, मोठ्याने बोला," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही."

पेडणेकरांनी चष्मा काढला. मग मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मी विचारत होतो, नवीन बोर्डाचं ट्रेनिंग आहे, तुम्ही याल की नाही? पुढच्या महिन्यापासून सुरू होतंय."

म्हणजे संपदाने काहीच सांगितलं नव्हतं. इझाबेलने आपणच आपल्या तोंडाने सांगून टाकलं होतं. आता मागे घ्यायची सोय नव्हती. मग तिने उरलेलंही सांगितलं. तो फोनसुद्धा. पेडणेकर वाईट माणूस नव्हते, पण घाबरट होते. त्यांनी पाणी मागवलं, ते स्वतःच प्याले आणि म्हणाले, "हे वर कळवावं लागेल हो. मी काय करणार? तपासणी होईपर्यंत तुम्ही बोर्डावर बसू नका. टपाल विभागात बसा."

टपाल विभागात ती पाकिटांवर तिकिटं चिकटवत बसली. तपासणीचा दिवस जानेवारीत होता. तोवर रात्री झोप म्हणून लागली नाही. डोळा लागला की दिसायचं ते निर्मळचं अंगण, ओटीवर आपण बसलोय, आणि डायना आपल्या डोक्यावरून कुणाशी तरी बोलतेय.

एक दिवस संपदा टपाल विभागात आली. तिने कागद ठेवला आणि उभ्याउभ्या, ऑफिसातल्या कोरड्या आवाजात, पण मोठ्याने सांगितलं, "तीन वर्षांपूर्वी कायदा झालाय. नोकरीत असताना कुणाला अपंगत्व आलं तर त्याला काढता येत नाही. हुद्दा कमी करता येत नाही, पगारही नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारात दुसरं द्यायचं. साहेबांना माहीत नव्हतं, मी त्यांना दाखवलंय. तेवढं तुमच्या कानावर असावं म्हणून आले." शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर तिला त्याचा अर्थ जाणवला आणि ती ओशाळली.

"आई कशा आहेत?" इझाबेलने विचारलं.

"ऑपरेशन झालं. वॉकर धरून चालते." संपदा दारापर्यंत गेली, थांबली. "मला अजून तुमच्याशी बोलवत नाही इझाबेलताई. पण तुम्हाला काढलेलं मला चालणार नाही."

तपासणी परीक्षा विभागाच्या रिकाम्या खोलीत होती. कान तपासायला डॉक्टर ज्ञानदा सोहोनी म्हणून एक बाई आल्या होत्या, केस पिकलेल्या, घाईत नसलेल्या. कृष्णाचा नंबर शेजारच्या रांगेत होता, डोळ्यांच्या. तो घामाघूम झाला होता आणि आत जाऊन दोन मिनिटांत हसत बाहेर आला. चष्मा लागेल म्हणाले, एवढंच. इझाबेलला त्याचा हेवा वाटला.

हेडफोन लावून तिला बसवलं. शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. तिने डोळे मिटले. शिट्टी येत होती की आपल्याला वाटत होतं, ते कळेना. लबाडी करावी का, नुसतंच बोट वर करत राहावं का, असाही विचार आला. तिने बोट मांडीवर ठेवलं ते ठेवलंच. कितीतरी वेळ काहीच ऐकू येत नव्हतं.

मग डॉक्टरांनी हेडफोन काढला आणि लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी टेबलाच्या कडेवर आपटून तिच्या कानापुढे धरलं. काही नाही. तेच त्यांनी कानामागच्या हाडावर टेकवलं आणि इझाबेल दचकली. घंटेसारखा आवाज डोक्यात घुमला.

"फोन कुठे धरता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने दाखवलं.

"गर्दीत जास्त ऐकू येतं?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"घरात आणखी कुणाला?"

"आईला. बाळंतपणांनंतर." मग तिने विचारायचं ते विचारून टाकलं. "माझंही आईसारखं होणार ना?"

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. कानात सर्वांत आत तांदळाच्या दाण्याएवढं एक हाड असतं. आवाज आला की ते हलतं. इझाबेलच्या कानात ते गोठल्यासारखं घट्ट बसत चाललं होतं. "आतली नस चांगली आहे. ते हाड काढून तिथे बारीकशी कांडी बसवता येते. ऑपरेशन एका कानाचं करू, मग दुसऱ्याचं बघू. बहुतेकांना फरक पडतो." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पण खरं सांगते, शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जातो."

म्हणजे भीतीचं एक दार बंद झालं आणि दुसरं उघडलं. अर्धवट ऐकू येणारा कान हातचा घालवायचा धोका पत्करायचा की नाही, हे आता तिनेच ठरवायचं होतं. व्हॅलेरियन म्हणाला, तुझा कान, तू सांगशील ते. भावजय म्हणाली, कशाला कापाकापी. मेरीने, तिला लिहून दाखवल्यावर, मोठ्याने एवढंच म्हटलं, "माझ्या वेळी असतं तर मी केलं असतं."

फेब्रुवारीत, राखेच्या बुधवारच्या आधीच्या आठवड्यात, मुंबईतल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. तोंडावर हिरवं कापड घालून, कानाभोवती सुया टोचून, इझाबेलला जागीच ठेवलं होतं. कानात कुणीतरी खुडखुड करतंय ते कळत होतं. तिने मनातल्या मनात 'नमो मरिये'चा जप सुरू केला. मध्येच सगळी खोली गरगर फिरली आणि तिला वाटलं, आपण टेबलावरून पडणार. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. नर्सने तिचा हात दाबून धरला.

मग एक आवाज आला. जवळचा, स्पष्ट, कुजबुजता.

"तुस्कानोबाई, तुमच्या मुलीचं नाव काय?"

सर्जन विचारत होते. "डायना," ती म्हणाली आणि कापडाखाली तिचे गाल भिजले.

पट्टी निघाल्यावरचे दिवस सोपे नव्हते. चक्कर यायची, भिंत धरून चालावं लागायचं. आवाज तर अंगावर धावून यायचे. नळाची धार, केळीच्या पानांचा फडफडाट, व्हॅलेरियनचं जेवताना चावणं. पहिल्या दिवशी कपाळाला हात लावून ती त्याला म्हणाली, "एवढा आवाज करतोस तू?" सर्दी झाली, शिंक आली की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं, बसवलेली ती कांडी निसटेल म्हणून. विमानात बसू नका, जड उचलू नका असं सांगितलं होतं. विमानाचा प्रश्न नव्हता, पण पाण्याच्या हंड्याला ती पुढे कित्येक महिने हात लावेना.

नवीन बोर्ड आला तो संपदाच्या शेजारच्या खोलीत बसवला. त्यावर माणूस फारसा लागत नव्हता. इझाबेलला चौकशीच्या खिडकीवर दिलं, त्याच पगारात. विद्यार्थी खिडकीत वाकून हळू आवाजात काही विचारायचे. डावा कान अजून तसाच होता, म्हणून ती उजवा पुढे करून म्हणायची, "नीट सांग रे, मला एका कानाने कमी ऐकू येतं." पहिल्या वेळी हे वाक्य तिने अर्ध्यावरच सोडलं होतं. नंतर ते सवयीचं झालं.

संपदाशी बोलणं पुन्हा सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही. तिच्या आईला जिने चढणं झेपेना, त्या चिपळूणलाच राहिल्या. इझाबेल दर सणाला त्यांना सुकेळी पाठवायची. संपदा पुडा घ्यायची, थँक्यू म्हणायची. एकदा ती म्हणाली, "आईने तुम्हाला केव्हाच माफ केलंय. मला जरा वेळ द्या." इझाबेलने मान हलवली. तिला ते कबूल होतं.

डावा कान तिने अजून करून घेतला नव्हता. डॉक्टर सोहोनी दोनदा म्हणाल्या होत्या. पण पुन्हा ते हिरवं कापड, पुन्हा ते गरगरणं, आणि शंभरात एखादा. उजवा वाचला, तेवढ्यावर ती थांबली होती.

डायना बारावीत गेली त्या वर्षी इझाबेल तिला घेऊन डॉक्टर सोहोनींकडे गेली. पोरगी कुरकुरत होती. "मम्मी, मला सगळं ऐकू येतं." तरी तिला काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावला. इझाबेल बाहेर उभी राहून तिच्या बोटाकडे बघत होती. बोट वर जायचं, खाली यायचं. मध्ये एकदा ते बराच वेळ खालीच राहिलं आणि इझाबेलने दाराची कड इतकी घट्ट धरली की नख मोडलं. मग बोट वर गेलं.

"आत्ता सगळं चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण हे घराण्यातून येतं. लग्न झालं, मुलंबाळं झाली की पुन्हा दाखवा."

परतीच्या एसटीत डायना खिडकीशी बसली होती. गाडी निर्मळच्या पुढे गेल्यावर तिने विचारलं, "म्हणजे मला होणार?"

खोटं सांगावं असं इझाबेलच्या अगदी तोंडावर आलं होतं.

"माहीत नाही गं," ती म्हणाली. "होईलही."

डायनाने खिडकीबाहेर पाहिलं, मग जागा बदलून ती आईच्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि बारावीच्या कुठल्याशा सरांची गोष्ट सांगू लागली. इझाबेल ऐकत होती.